गोचिडीचा अपराध कसा सिद्ध झाला

दुपारच्या वेळीं ओसरीवर पहुडलेल्या कुत्र्याच्या कानामागून हात फिरवितांना बोटांस वाटाण्याएवढी एक गांठ लागते. केंस बाजूस सारून पाहावें, तर ती गांठ नसून करड्या रंगाची, रक्तानें टम्म फुगलेली गोचीड असते. घरांतील एखादें वडील माणूस ती उपटून टाकतें, मुलें नाकें मुरडतात, आणि प्रकरण तेथेंच मिटतें. या क्षुद्र जीवाची याहून अधिक दखल घेण्याची आवश्यकता मनुष्यास हजारों वर्षें भासली नाहीं. आणि त्याचें मोल त्याच्या सर्वांत जुन्या सोबत्यानें आपल्या प्राणांनीं दिलें.

गोचीड मनुष्यास ठाऊक नव्हती असें मात्र नाहीं. होमरच्या 'ओडिसी' महाकाव्यांत वीस वर्षांनीं घरीं परतलेल्या ओडिसियसला त्याचा म्हातारा कुत्रा अर्गॉस ओळखतो, त्या वेळीं तो शेणाच्या ढिगावर पडलेला असून त्याचें अंग कुत्र्यांना छळणाऱ्या रक्तपिपासु जीवांनीं भरलेलें असतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यानें तर या प्राण्याला खाल्लेलें अन्न बाहेर टाकण्याचा मार्गच नाहीं, म्हणून तो अखेर अति भोजनानें फुटून मरतो, असें लिहून ठेविलें. महाराष्ट्रांत १२९० सालीं पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायांत, दुधाच्या इतक्या जवळ राहूनहि तें सोडून रक्तच पिणाऱ्या गोचिडीचा दृष्टांत आहे, आणि तो मराठी माणसाच्या कानीं पिढ्यान् पिढ्या पडत आलेला आहे. तात्पर्य, गोचीड काय घेते हें सर्वांनीं पाहिलें होतें. ती काय देते, हा प्रश्न मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत विद्वानांपैकीं फारसा कोणी गंभीरपणें विचारला नव्हता. या प्रश्नाचें उत्तर मिळविण्यास मनुष्यास किती चिकाटी धरावी लागली, याचा इतिहास रोगांच्या इतिहासांतील अत्यंत बोधप्रद प्रकरणांपैकीं एक आहे.

तो इतिहास समजण्यासाठीं प्रथम गोचिडीची जीवनयात्रा समजली पाहिजे. गोचीड हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात. पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आठ असतात, आणि तिचें नातें कोळी व विंचू यांच्याशीं आहे. उष्ण देशांतील कुत्र्यांवर सर्वत्र आढळणाऱ्या तपकिरी गोचिडीला लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८०६ सालीं शास्त्रीय नांव दिलें. आज ती ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनिअस या नांवानें ओळखली जाते. तिचें आयुष्य तीन अवस्थांचें असतें. अंड्यांतून मोहरीहूनहि बारीक असें सहा पायांचें पिलूं निघतें. ही बाल अवस्था. तें कुत्र्यावर चढून कांहीं दिवस रक्त पितें, मग आपण होऊन गळून पडतें, आणि भिंतीच्या फटींत किंवा गोणपाटाखालीं दडून कात टाकतें. कात टाकल्यावर त्यास आठ पाय येतात. ही कुमार अवस्था. पुन्हां कुत्रा, पुन्हां रक्त, पुन्हां गळून पडणें आणि पुन्हां कात टाकणें; त्यानंतर प्रौढ अवस्था. प्रौढ मादी सर्वांत मोठें भोजन करून खालीं उतरते, एखाद्या फटींत शिरून दोन-चार हजारांपर्यंत अंडीं घालते आणि मरते. याप्रमाणें प्रत्येक अवस्थेंत ती नव्यानें कुत्रा शोधते, आणि दर वेळीं तो कुत्रा एकच असेल असें नाहीं. मधल्या उपवासांत ती महिनोन् महिने जिवंत राहूं शकते. हा क्रम ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. कारण पुढील सर्व कोडें या क्रमांतच दडलेलें होतें.

कोड्याचा पहिला धागा कुत्र्याच्या नव्हे, गुरांच्या अंगावर सांपडला. अमेरिकेंतील टेक्सस प्रांतांतून गुरांचे कळप विक्रीसाठीं उत्तरेकडे नेण्यांत येत. १८६८ सालीं हे कळप इलिनॉय प्रांतांत उतरले, आणि त्या उन्हाळ्यांत तेथील हजारों गुरें तापानें व लाल लघवीनें मेलीं. आश्चर्य असें कीं, टेक्ससचीं गुरें स्वतः धडधाकट होतीं. याहून मोठें आश्चर्य असें कीं, दोन्ही कळप एकमेकांस भेटण्याचीहि आवश्यकता नसे. टेक्ससचा कळप ज्या कुरणांतून गेला, त्या कुरणांत महिन्या-दीड महिन्यानें चरणारीं स्थानिक गुरें आजारी पडत. कडक थंडी पडली कीं सांथ थांबे. अनेक गुराखी व शेतकरी म्हणत कीं, हा सर्व गोचिडींचा प्रताप आहे. विद्वानांनीं ही अडाण्यांची समजूत म्हणून हंसण्यावारी नेली. एवढासा जीव एवढ्या मोठ्या बैलास मारील कसा, असा त्यांचा सवाल होता.

या समजुतीची परीक्षा घेण्याचें धैर्य थिओबाल्ड स्मिथ व फ्रेड किलबोर्न या दोघांनीं दाखविलें. १८८९ सालापासून वॉशिंग्टनजवळील सरकारी प्रयोगक्षेत्रावर त्यांनीं कुंपणें घालून निरनिराळीं शेतें तयार केलीं. एका शेतांत गोचिडी असलेलीं दक्षिणेकडील गुरें व स्थानिक गुरें एकत्र ठेविलीं. दुसऱ्यांत दक्षिणेकडील गुरें ठेविलीं, परंतु त्यांच्या अंगावरील एकूण एक गोचीड हातानें वेंचून काढली. तिसऱ्यांत दक्षिणेकडील जनावर एकहि न आणतां नुसत्या गोचिडीच पसरल्या. पहिल्या व तिसऱ्या शेतांतील स्थानिक गुरें आजारी पडलीं. दुसऱ्या शेतांतील निरोगी राहिलीं. गुराख्यांचें म्हणणें खरें ठरलें. रोगी गुरांच्या तांबड्या रक्तपेशींत पेरूच्या आकाराचे दोन दोन सूक्ष्म जंतु स्मिथ यांस दिसले. पुढें १८९० सालीं त्यांनीं प्रयोगशाळेंत अंड्यांतून उबविलेलीं गोचिडीचीं पिलें एका निरोगी गायीवर सोडलीं, तेव्हां तीहि तापली. त्या पिलांनीं पूर्वीं कोणत्याहि गुराचें रक्त चाखलेलें नव्हतें. रोगाचें बीज त्यांस आईच्या पोटांतूनच मिळालें होतें. महिन्या-दीड महिन्याच्या विलंबाचा उलगडाहि येथेंच झाला; तो अंडीं घालण्यास व उबण्यास लागणारा वेळ होता.

हा वृत्तांत १८९३ सालीं प्रसिद्ध झाला. रक्त पिणारा एक क्षुद्र जीव एका जनावराचा रोग दुसऱ्यास देतो, याचा असा निर्विवाद प्रायोगिक पुरावा जगापुढें प्रथमच येत होता. सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांस डांसाच्या पोटांत मलेरियाचा जंतु दिसला तो १८९७ सालीं, म्हणजे यानंतर चार वर्षांनीं. असाच जंतु व्हिक्टर बाबेश यांनीं रुमानियांतील गुरांच्या रक्तांत १८८८ मध्येंच पाहिला होता. त्यांच्या नांवावरून या जंतूंस बबेसिया असें नांव पडलें. १८९५ सालीं पियाना व गल्ली-व्हॅलेरिओ यांस इटलींत कुत्र्याच्या रक्तांतहि त्याच जातीचा जंतु आढळला. आतां प्रश्न एवढाच उरला कीं, गुरांप्रमाणें कुत्र्यांनाहि हा रोग गोचीडच देते काय? वरवर पाहतां उत्तर सोपें होतें. प्रत्यक्षांत तें फार अवघड निघालें.

तें उत्तर दक्षिण आफ्रिकेंत मिळालें. केप वसाहतींत कुत्र्यांना एक भयंकर कावीळ होत असे. कुत्रा अन्न सोडी, तापानें फणफणे, त्याच्या हिरड्या व डोळे प्रथम पांढरेफटक आणि मग पिवळे पडत, लघवी काळसर होई, आणि बहुधा थोड्याच दिवसांत तो मरे. बाहेरून आणलेले जातिवंत कुत्रे तर यांतून क्वचितच वांचत. चार्ल्स लौन्सबरी नांवाचा एक तरुण अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ १८९५ सालीं केप सरकारच्या नोकरींत आला होता. फळबागांवरील किडी हें त्याचें नेहमींचें काम. परंतु गुरांच्या व मेंढ्यांच्या रोगांकडे त्याचें लक्ष वेधलें, आणि १९०० सालीं शेळ्या-मेंढ्यांच्या एका प्राणघातक रोगाचा प्रसार गोचिडीमुळेंच होतो, असें त्यानें सिद्ध केलें. त्यानंतर तो कुत्र्यांकडे वळला.

केपमधील कुत्र्यांवर पिवळसर रंगाची एक गोचीड फार असे. लौन्सबरी यांनीं आजारी कुत्र्यांवरील रक्तानें भरलेल्या माद्या गोळा केल्या, त्यांस अंडीं घालूं दिलीं, आणि निघालेलीं पिलें निरोगी कुत्र्यांवर सोडलीं. स्मिथ यांच्या प्रयोगाप्रमाणें हे कुत्रे आजारी पडावयास हवे होते. कुत्र्यांस कांहींच झालें नाहीं. पिलें रक्त पिऊन गळलीं, त्यांनीं कात टाकली, आणि कुमार अवस्थेंतील त्याच गोचिडी पुन्हां निरोगी कुत्र्यांवर चढविण्यांत आल्या. तरीहि कांहीं झालें नाहीं.

एखाद्या उतावळ्या संशोधकानें येथेंच वही मिटली असती. दोन अवस्था तपासल्या, दोन्ही निर्दोष ठरल्या. तेव्हां गोचिडीवरील आरोप खोटा, असा निवाडा देणें अगदीं तर्कास धरून झालें असतें. लौन्सबरी थांबले नाहींत. त्याच गोचिडी दुसऱ्यांदा कात टाकून प्रौढ होईपर्यंत त्यांनीं वाट पाहिली, आणि तिसऱ्यांदा त्या निरोगी कुत्र्यांवर सोडल्या. आतां मात्र कुत्रे तापले, पिवळे पडले, मरूं लागले. आणि हीच ती कावीळ, याविषयीं संशय उरला नाहीं. १९०१ सालीं लौन्सबरी यांनीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. आईनें आजारी कुत्र्याच्या रक्ताबरोबर घेतलेला जंतु अंड्यांत उतरतो, पिलाच्या व कुमारीच्या अंगांत निरुपद्रवीपणें वस्ती करितो, आणि मुलगी प्रौढ झाल्यावरच तिच्या दंशांतून बाहेर पडतो. आईचा अपराध मुलीच्या तिसऱ्या वयांत उघडकीस येत होता. मग तो इतकीं वर्षें कोणाच्या ध्यानांत आला नाहीं, यांत नवल तें काय?

शास्त्राची दृष्टि पुढें अधिक सूक्ष्म झाली. ज्यास सर्वजण एकच जंतु समजत होते, ते वस्तुतः तीन निरनिराळे आहेत असें १९८९ सालीं दाखविण्यांत आलें. केपमधील जंतु त्यांतील सर्वांत जहाल ठरला. त्या पिवळ्या गोचिडीचेंहि शास्त्रीय नांव २००७ सालीं बदललें. परंतु लौन्सबरी यांच्या मूळ निष्कर्षास या सर्व दुरुस्त्यांनीं धक्का लागला नाहीं; पायाच पक्का असला म्हणजे वरच्या मजल्यांची मोडतोड इमारतीस बाधत नाहीं.

केपहून पाठविलेल्या गोचिडी इंग्लंडमध्यें केंब्रिज येथें जॉर्ज नटॉल यांच्या प्रयोगशाळेंत पोंचल्या, आणि १९०४ सालापासून तेथें या रोगाचा कसून अभ्यास सुरू झाला. रोगाचें कारण कळलें तरी औषध नव्हतें. १९०९ सालीं नटॉल व हॅडवेन यांनीं ट्रिपॅन ब्लू नांवाचा एक निळा रंग आजारी कुत्र्यांच्या शिरेंत टोंचून पाहिला, आणि मरणाच्या दारांतील कुत्रे परतूं लागले. या औषधानें कुत्र्याची कातडी व तोंडाची आंतील बाजू निळी होई. परंतु जीव वांचला असतां निळेपणाची खंत कोण करणार? तथापि एक उणीव राहिली. बरा झालेला कुत्रा पूर्णपणें मुक्त होत नसे. थोडे जंतु त्याच्या रक्तांत लपून राहत, आणि त्याच्यावरील गोचिडी ते जंतु पुढें नेत. टेक्ससचीं धडधाकट गुरें उत्तरेकडील गुरांस कां मारीत, त्याचेंहि मर्म हेंच होतें. तीं लहानपणींच त्या तापांतून गेलेलीं असत. तीं स्वतः वांचलेलीं असत, पण रोगाचें बीज त्यांच्या रक्तांत जिवंत असे.

या इतिहासांत भारताचाहि मोठा वांटा आहे, आणि तो मुख्यतः मद्रासकडील आहे. शहराजवळ गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूटमध्यें रिकर्ड ख्रिस्तोफर्स हे काम करीत होते. मलेरियावरील संशोधनासाठीं हे गृहस्थ विख्यात झाले आणि १०४ वर्षें जगून १९७८ सालीं वारले. बबेसिया कुत्र्याच्या रक्तांत कसा दिसतो हें ठाऊक झालें होतें. परंतु गोचिडीच्या पोटांत गेल्यावर त्याचें काय होतें, हें कोडेंच होतें. १९०७ सालीं ख्रिस्तोफर्स यांनीं तपकिरी गोचिडीच्या शरीरांतील त्याच्या वाढीचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. जंतु तेथें गदेसारखा आकार धारण करून हालचाल करूं लागतो, हें त्यांनीं पाहिलें. एवढ्याशा गोचिडीचीं आंतडीं व ग्रंथि सुईच्या टोंकानें अलग करून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें हें किती नाजूक काम असेल, याची कल्पना करणें अवघड नाहीं.

त्याच काळांत दुसरें एक नवल उघडकीस आलें. १९०५ सालीं एस. पी. जेम्स यांनीं भारतांतील कुत्र्यांच्या रक्तांत एका वेगळ्या जंतूचें वर्णन केलें. हा तांबड्या पेशींत नव्हे, तर पांढऱ्या पेशींत राहणारा होता. आज त्यास हेपाटोझून म्हणतात. याचीहि वाढ त्याच तपकिरी गोचिडींत होते, असें ख्रिस्तोफर्स यांनीं १९०७ सालींच दाखविलें. परंतु याची वाट अगदीं निराळी निघाली. हा जंतु गोचिडीच्या दंशानें कुत्र्यांत शिरत नाहीं. अंग चाटतांना किंवा चावतांना कुत्रा गोचीडच गिळतो, तेव्हां तो शिरतो. चावणारा कोण आणि चावला गेलेला कोण, हा क्रमच येथें उलटा झाला.

तिसरी गोष्ट मद्रासमधील साहेबलोकांच्या शिकारी कुत्र्यांची. मद्रास हंट या मंडळीच्या कुत्र्यांच्या रक्तांत डब्ल्यू. एस. पॅटन यांस १९१० सालीं नेहमींच्या बबेसियाहून फार लहान असा एक जंतु सांपडला. पुढें तोच जंतु त्यांस कोल्ह्याच्या रक्तांतहि आढळला. रानांतील कोल्हा आणि पागेंतील कुत्रा हे एकमेकांचे वैरी. परंतु त्यांच्या रक्तांत एकच पाहुणा नांदत होता. बबेसिया गिब्सनी या नांवाचा हा जंतु आज आशियाच्या फार मोठ्या भागांत व इतर खंडांतहि पसरलेला असून, बबेसियावरील नेहमींच्या औषधांना तो सहसा दाद देत नाहीं. अमेरिकेंत तर झुंजविल्या जाणाऱ्या कुत्र्यांत, गोचिडीच्या मध्यस्थीवांचून, केवळ एकमेकांच्या चाव्यांतून तो पसरतो असें आढळून आलें.

यानंतरचा अध्याय उत्तर आफ्रिकेंतील. अल्जीरियांतील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें दोनातियें व लेस्तोकार यांस १९३५ सालीं, गोचिडी लागलेल्या कुत्र्यांत एक नवाच ताप आढळला. त्याचा जंतु बबेसियाहून कितीतरी सूक्ष्म असून पांढऱ्या रक्तपेशींत झुबक्यांनीं राहणारा होता. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ त्यास पुढें एर्लिकिया हें नांव मिळालें. तीस वर्षें या शोधाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. मग व्हिएटनामचें युद्ध आलें. १९६८ च्या सुमारास अमेरिकन सैन्यांतील पहाऱ्याचे व माग काढणारे कुत्रे, विशेषतः जर्मन शेफर्ड जातीचे, एकाएकीं खंगूं लागले. त्यांच्या नाकांतून रक्त वाही आणि अनेक त्यांतच दगावले. त्यांच्या अस्थींतील मगजाची रक्त निर्माण करण्याची शक्तीच आटली होती. शोध घेतां कारण निघालें तें अल्जीरियाचाच जंतु, आणि त्याची वाहक तीच घरगुती तपकिरी गोचीड. या रोगाचें कपट असें कीं, पहिला ताप ओसरल्यावर कुत्रा महिनोन् महिने बरा दिसतो, आणि धनी निर्धास्त झाल्यावर रोग पुन्हां डोकें वर काढतो.

एर्लिकियाची वाटहि बबेसियाहून वेगळी आहे. हा जंतु आईकडून अंड्यांत उतरत नाहीं. पिलानें तो आजारी कुत्र्यापासून घ्यावा आणि कुमारीनें दुसऱ्यास द्यावा, किंवा कुमारीनें घ्यावा आणि प्रौढेनें द्यावा, असा त्याचा क्रम. प्रत्येक नवी पिढी निर्मळ जन्मते. म्हणजे एकाच तपकिरी गोचिडीच्या अंगांत रोगांच्या तीन वाटा आहेत. एक आईकडून मुलीकडे जाणारी, दुसरी एका वयाकडून दुसऱ्या वयाकडे जाणारी, आणि तिसरी कुत्र्याच्या स्वतःच्या जिभेवरून जाणारी. ज्यानें एकच वाट तपासली असती, त्यास इतर दोन्ही वाटांवर गोचीड निरपराध दिसली असती.

कुत्र्याच्या धन्यालाहि या इतिहासांतून अगदीं अलिप्त राहतां येत नाहीं. १९१० सालीं ट्यूनिस येथें कोनोर व ब्रुख यांनीं अंगावर पुरळ उठविणाऱ्या एका मानवी ज्वराचें वर्णन केलें. तो तपकिरी गोचिडीपासून माणसास होतो, हें १९३० च्या सुमारास तेथेंच सिद्ध झालें. त्याच घराण्यांतील ज्वर भारतांतहि आहे. १९२१ सालीं मेगॉ या डॉक्टरांनीं भारतांतील अशा ज्वराचा संबंध गोचिडीशीं असावा असें लिहिलें होतें, आणि अलीकडे त्याचे रोगी महाराष्ट्रांतहि आढळले आहेत. तपकिरी गोचीड माणसापेक्षां कुत्राच पसंत करिते, म्हणून भिण्याचें कारण नाहीं. परंतु तिला बोटांच्या नखांवर चिरडण्याची जी जुनी संवय घरोघर आहे, ती मात्र टाकलेली बरी. चिरडलेल्या गोचिडीच्या पोटांतील जंतु बोटावरील एखाद्या ओरखड्यांतून किंवा डोळ्यांस हात लागून शरीरांत शिरूं शकतात.

या सर्व संशोधनाचा घरगुती अर्थ थोडक्यांत सांगतां येण्यासारखा आहे. बबेसियाचे जंतु गोचिडीच्या लाळेंत पक्व होऊन कुत्र्यांत उतरण्यास साधारणतः दोन-तीन दिवस लागतात; म्हणून रोजच्या रोज कुत्र्याचें अंग चांचपून गोचिडी काढणें ही निरर्थक उठाठेव नसून खरें संरक्षण आहे. एर्लिकियाचा जंतु मात्र कांहीं तासांतच उतरूं शकतो. तेव्हां केवळ वेंचण्यावर विसंबूं नये, पशुवैद्याच्या सल्ल्यानें प्रतिबंधक औषधहि द्यावें. अलीकडे, २०१४ च्या सुमारापासून, पोटांत देण्याच्या गोळ्याहि निघाल्या असून त्यांचा परिणाम कित्येक आठवडे टिकतो. गोचीड काढतांना बारीक चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावी. घासलेट ओतणें किंवा पेटती उदबत्ती लावणें या उपायांनीं कुत्र्याचीच कातडी भाजते. आणि कुत्र्यावर दिसणाऱ्या गोचिडी हा सबंध कुटुंबाचा लहानसा भागच होय. उरलेल्या भिंतीच्या फटींत, पायरीखालीं व अंथरुणाच्या घड्यांत अंड्यांच्या व कात टाकणाऱ्या पिलांच्या रूपानें असतात. त्या जागा झाडल्या-धुतल्यावांचून कुत्रा मुक्त होत नाहीं. कुत्र्यानें अन्न सोडलें, त्याच्या हिरड्या फिक्या पडल्या किंवा लघवी लाल झाली, तर एक दिवसहि न दवडतां रक्त तपासून घ्यावें. १९०९ पूर्वीं अशा कुत्र्यासाठीं कांहींच करतां येत नव्हतें. आज बहुतेक प्रसंगीं करतां येतें, मात्र वेळ साधली पाहिजे.

शेवटीं एक गोष्ट विसरतां कामा नये. स्मिथ, लौन्सबरी, नटॉल, ख्रिस्तोफर्स या नांवांची नोंद ग्रंथांत झाली. ज्या कुत्र्यांवर गोचिडी सोडून हें ज्ञान मिळविलें, त्यांचीं नांवें कोणी लिहून ठेविलीं नाहींत. केपमधील जे कुत्रे पहिल्या दोन प्रयोगांत वांचले आणि जे तिसऱ्यांत मेले, त्या सर्वांच्या साक्षीवरच गोचिडीचा अपराध सिद्ध झाला. आज एखाद्या घरीं कुत्रा वेळेवर औषध मिळून वांचतो, तो त्याच्या त्या निनांवी जातभाईंच्या पुण्याईनें. ओसरीवर पहुडलेल्या कुत्र्याच्या कानामागून सायंकाळीं दोन मिनिटें हात फिरविणें, हीच त्या ऋणाची घरगुती फेड. आणि ती कोणालाहि करतां येण्यासारखी आहे.